हंबोल्ट आणि थंड समुद्र

भूगोलाच्या पुस्तकातील जगाचा नकाशा उघडा आणि दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा पाहा. चिली आणि पेरू या देशांच्या कडेने, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा एक निळा बाण तुम्हांला दिसेल. तो एका थंड सागरी प्रवाहाचा बाण आहे. काही पुस्तकांत त्याला पेरूचा प्रवाह म्हणतात, काहींत हंबोल्टचा प्रवाह. परीक्षेपुरते आपण हे नाव पाठ करतो. पण हंबोल्ट हे एका माणसाचे नाव आहे, आणि प्रवाहाला आपले नाव दिलेले त्या माणसाला मुळीच आवडले नव्हते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

अलेक्झांडर फॉन हंबोल्टचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन येथे झाला. त्या काळी आजच्यासारखा एकसंध जर्मनी देश नव्हता. बर्लिन ही प्रशिया नावाच्या राज्याची राजधानी होती. अलेक्झांडरचे वडील लष्करात अधिकारी होते. तो नऊ वर्षांचा असतानाच ते वारले. आई करारी आणि शिस्तीची होती. तिने दोन्ही मुलांसाठी उत्तम शिक्षक घरी ठेवले. माया मात्र तिच्या वागण्यात फारशी दिसत नसे. थोरला भाऊ विल्हेल्म पुस्तकांत रमे. तो पुढे भाषांचा मोठा पंडित झाला. धाकट्या अलेक्झांडरचे मन बागेत आणि रानात असे. त्याचे खिसे किडे, शिंपले, दगड आणि वाळलेली पाने यांनी भरलेले असत. घरची माणसे थट्टेने त्याला छोटा औषधवाला म्हणत.

आईची इच्छा होती की, मुलाने सरकारी नोकरी करावी. त्याप्रमाणे त्याने खाणकामाचे शिक्षण घेतले आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी तो प्रशियाच्या खाणखात्यात अधिकारी झाला. खाणीत उतरणाऱ्या मजुरांचे हाल त्याने जवळून पाहिले. विषारी वायूने माणसे गुदमरत, दिवे विझत. हंबोल्टने त्यांच्यासाठी सुरक्षित दिवा आणि श्वास घेण्याचे साधन तयार केले. ती साधने तो आधी स्वतः खाणीत उतरून तपासत असे. मजुरांसाठी त्याने पदरचे पैसे घालून एक शाळाही काढली. नोकरीत त्याचे नाव झाले, पण मन दूरच्या देशांकडे धाव घेत होते. १७९६ साली आई वारली आणि वारशाने बरीच संपत्ती त्याच्याकडे आली. त्याने नोकरी सोडली आणि त्या पैशातून मोजमापाची उपकरणे विकत घेतली. थर्मामीटर, बॅरोमीटर, दुर्बिणी, घड्याळे, होकायंत्रे अशी चाळीसच्या वर उपकरणे त्याच्याजवळ जमली.

५ जून १७९९ रोजी तो स्पेनच्या किनाऱ्यावरून जहाजात बसला. बरोबर बाँप्लाँ नावाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ होता. पुढची पाच वर्षे या दोघांनी दक्षिण व मध्य अमेरिका पायाखाली घातली. ओरिनोको नदीतून त्यांनी लहान होड्यांनी प्रवास केला. डासांनी त्यांना फोडून काढले, तापाने हैराण केले. जून १८०२ मध्ये ते चिंबोराझो या बर्फाच्छादित पर्वतावर साडेपाच हजार मीटरहून अधिक उंचीपर्यंत चढले. जगातील सर्वांत उंच पर्वत तो हाच, असा त्या काळी समज होता. विरळ हवेने हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तरी बॅरोमीटर काढून आकडे लिहून घेणे थांबले नाही. या प्रवासाच्या हकिकती एकाहून एक सरस आहेत. पण आपल्याला त्यातल्या एका साध्याच गोष्टीकडे वळायचे आहे. ती गोष्ट म्हणजे एक बादली आणि एक थर्मामीटर.

सप्टेंबर १८०२ च्या अखेरीस अँडीज पर्वत उतरून हंबोल्ट पेरूच्या किनाऱ्यावर आला. पॅसिफिक महासागर तो आयुष्यात प्रथमच पाहत होता. समोरचे दृश्य मात्र चमत्कारिक होते. विषुववृत्त फारसे दूर नसताना अंगाला गारवा झोंबत होता. समोर अथांग पाणी आणि पाठीशी ओसाड वाळवंट. आकाशात महिनोन्‌महिने करडे ढग असत, धुके पसरे, पण पाऊस पडत नसे. पुढे ऑक्टोबरात तो लिमा शहरात पोहोचला, तेव्हा तेथेही तेच. ९ नोव्हेंबर रोजी बुध ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. नेमके त्या दिवशी ढग दूर झाले आणि लिमाजवळच्या कयाव बंदरातून त्याला तो पाहता आला. एरवी तेथे सूर्यदर्शनाचीच मारामार!

हंबोल्टने समुद्राच्या पाण्यात थर्मामीटर बुडवला. पारा सुमारे १६ अंश सेल्सियसवर थांबला. कयाव बंदरात तर तो त्याहूनही किंचित खाली आला. पुढे जहाजातून जाताना त्याने प्रवाहाबाहेरचे पाणी मोजले, तेव्हा ते २६ अंशांहून अधिक गरम होते. हा फरक केवढा आहे, हे आपल्या उदाहरणाने पाहू. लिमा विषुववृत्ताच्या जितके दक्षिणेला आहे, जवळजवळ तितकेच केरळातील कण्णूर उत्तरेला आहे. कण्णूरच्या समुद्रात वर्षातले बरेच महिने पाणी २८ अंशांच्या आसपास असते. मग पेरूचाच समुद्र इतका थंड का?

हंबोल्टने विचार करून उत्तर दिले की, दक्षिण ध्रुवाकडचे थंड पाणी प्रवाहाच्या रूपाने या किनाऱ्याने उत्तरेकडे वाहत येते. थंड पाण्यावरची हवा थंड राहते, ती वर चढत नाही, म्हणून ढग असूनही पाऊस नाही. समुद्र आणि वाळवंट यांचा संबंध त्याने असा जोडून दाखवला. हे उत्तर चूक नव्हते. पण ते निम्मेच होते.

पाणी जर केवळ दक्षिणेकडून येत असते, तर किनाऱ्यालगतचे पाणी आणि थोडे आतले पाणी सारखेच थंड असायला हवे होते. प्रत्यक्षात किनाऱ्याला चिकटून असलेले पाणी सर्वांत थंड आहे. १८४४ साली द तेसाँ नावाच्या फ्रेंच सागर-सर्वेक्षकाने सुचवले की, हे पाणी बाजूने नव्हे तर खालून येत असावे. तसे का घडते, याचा उलगडा त्यानंतर साठ वर्षांनी झाला. नॉर्वेचा प्रवासी नान्सेन याने उत्तर ध्रुवाजवळ पाहिले होते की, बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेने न जाता थोडा उजवीकडे सरकतो. एकमान या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९०५ साली त्याचे गणित मांडले. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे वाऱ्याने ढकललेले पाणी उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. पेरूच्या किनाऱ्याने वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. त्यामुळे वरच्या थरातील पाणी डावीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर खोल समुद्राकडे लोटले जाते. ती जागा भरून काढायला खालचे थंड पाणी हळूहळू वर चढते. रोज फार तर काही मीटर, पण वारा वाहत असेपर्यंत न थांबता. इंग्रजीतल्या शब्दावरून याला अपवेलिंग म्हणतात. आपण त्याला तळपाण्याचे वर येणे म्हणू.

इथे भाषेची एक गंमत सांगायला हवी. मराठीत दर्या म्हणजे समुद्र. तुमच्या उर्दूत मात्र दरिया म्हणजे नदी. दोन्ही भाषांनी शब्द घेतला फारसीतून, आणि फारसीत त्याचा अर्थ समुद्रच आहे. पेरूच्या किनाऱ्यावर हंबोल्टने दर्यात वाहणारा दरिया पाहिला. त्या दर्याला खालून फुटणारे झरे मात्र त्याला दिसले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, पाणी थंड असो की गरम, त्याने काय बिघडले? बिघडत नाही, उलट पुष्कळ घडते. समुद्रात प्लवक नावाची सूक्ष्म जीवसृष्टी असते. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे आणि प्रवाहाबरोबर वाहत जाणारे जीव. त्यांपैकी वनस्पतिप्लवक उन्हाच्या मदतीने स्वतःचे अन्न तयार करतात. प्राणिप्लवक त्यांना खातात. समुद्रात ऊन फक्त वरच्या थरात पोहोचते. तेथील नत्र, फॉस्फरस, सिलिका ही पोषक द्रव्ये वनस्पतिप्लवक संपवून टाकतात. मेलेले जीव आणि विष्ठा खाली बुडतात, कुजतात आणि सारे खत तळाकडे साठते. वर ऊन आहे पण खत नाही, खाली खत आहे पण ऊन नाही. उष्ण कटिबंधातील समुद्राचा मोठा भाग असा अर्धपोटी असतो. तळपाणी वर आले की, ऊन आणि खत यांची गाठ पडते.

मग काही दिवसांतच पाण्याचा रंग पालटतो. सर्वांत आधी वाढतात ते डायटम. मराठीत त्यांना करंडक वनस्पती असे सुरेख नाव आहे, कारण त्यांचे काचेसारखे सिलिकाचे कवच झाकण बसवलेल्या करंड्यासारखे असते. पोषण मिळाले की, एका डायटमचे दिवसाभरात दोन होतात, कधी त्याहून लवकर. निळे पाणी हिरवट होते. प्राणिप्लवकांची वाढ इतकी झपाट्याने होत नाही. त्यांना काही आठवडे लागतात. तोपर्यंत पाणी किनाऱ्यापासून बरेच आत सरकलेले असते. त्यामुळे किनाऱ्याजवळ डायटमचे राज्य आणि त्यापलीकडे कोपेपॉडसारख्या इवल्याशा कवचधारी प्राण्यांची दाटी, अशी रचना आढळते. वारा पडला की, तळपाण्याचे वर येणे मंदावते. पाणी स्थिर होते आणि डायटम बुडू लागतात. मग शेपटीसारख्या तंतूंनी पोहू शकणाऱ्या सूक्ष्म जिवांची पाळी येते. कधी त्यांची इतकी वाढ होते की समुद्र तांबडा दिसतो. वारा, पाणी आणि प्लवक यांचा हा खेळ सतत चालू असतो.

या प्लवकांवर जगतो अँकोवेटा नावाचा बोटभर लांबीचा मासा. आपल्या कोळणी मांदेली विकतात ना, तिच्याच कुळातला तो आहे. हा मासा मुख्यतः डायटम खातो, असे बरीच वर्षे मानले जात होते. पण एकविसाव्या शतकातील तपासणीत दिसले की, त्याचे खरे पोषण बहुतांशी प्राणिप्लवकांतून होते. अँकोवेटावर पाणकावळे, बूबी आणि झोळीवाले पेलिकन हे पक्षी लाखोंच्या संख्येने जगतात. ते जवळच्या बेटांवर वस्ती करतात. तेथे पाऊस नसल्यामुळे त्यांची विष्ठा वाहून जात नाही. शतकानुशतके तिचे थर साचत जातात. यालाच ग्वानो म्हणतात.

कयाव बंदरात हंबोल्टने ग्वानोने भरलेल्या होड्या पाहिल्या. त्या उग्र वासाने त्याला शिंकांवर शिंका येत. तेथील शेतकरी हे खत फार पूर्वीपासून वापरत होते. इंका राजांच्या काळात विणीच्या हंगामात या बेटांवर पाऊल ठेवायलाही बंदी असे. हंबोल्टने चौकशी केली, नमुना बांधून घेतला आणि १८०४ साली युरोपात परतल्यावर तो पॅरिसच्या रसायनशास्त्रज्ञांना तपासायला दिला. त्यात नत्र आणि फॉस्फरस भरपूर निघाला.

या पुडीचा परिणाम हंबोल्टला वाटला असेल त्यापेक्षा फार मोठा झाला. १८४० नंतर युरोपातील शेतांसाठी ग्वानोची जहाजेच्या जहाजे भरून जाऊ लागली. चिंचा बेटांवरील तीस मीटरहून उंच ढिगारे काही दशकांत खणून संपले. खणण्यासाठी चीनमधून करारावर आणलेल्या मजुरांचे जिणे गुलामांहून बरे नव्हते. कित्येकजण त्या धुळीत मेले. गुलामगिरीचा हंबोल्ट कट्टर विरोधक होता. क्यूबातील गुलामांच्या स्थितीवर त्याने निर्भीडपणे लिहिले होते, आणि त्या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरात नेमका तोच भाग गाळला गेला, तेव्हा त्याने जाहीर निषेध केला होता. आपण बंदरातून उचललेल्या खताच्या नमुन्यामागून असे काही येईल, हे त्याला तेव्हा कसे कळावे?

युरोपात परतल्यावर हंबोल्ट पॅरिसमध्ये राहिला. प्रवासाची वर्णने, नकाशे आणि चित्रे तीसहून अधिक खंडांत छापण्यात त्याची सारी संपत्ती खर्च झाली. त्याला भारतात येऊन हिमालय पाहायचा होता. आशियाच्या प्रवासासाठी तो फारसी भाषाही शिकू लागला होता. पण ईस्ट इंडिया कंपनीने त्याला परवानगी दिली नाही. वसाहतींतील अन्याय उघडपणे मांडणारा हा माणूस कंपनीला आपल्या राज्यात नको होता, असे म्हणतात. अनेकदा प्रयत्न करूनही भारताचे दार त्याच्यासाठी बंदच राहिले.

तो भारतात आला असता, तर पश्चिम किनाऱ्यावर त्याला पेरूची आठवण झाली असती, असे मला वाटते. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत असेच थंड तळपाणी वर येते. त्याचा प्रभाव कमी प्रमाणात गोव्यापर्यंत जाणवतो. त्या दिवसांत किनाऱ्याने वारा दक्षिणेकडे वाहतो आणि उत्तर गोलार्धाच्या नियमाने पाणी उजवीकडे, म्हणजे अरबी समुद्रात आत लोटले जाते. तेथेही आधी डायटम फोफावतात आणि त्यांच्यामागून तारली माशांचे थवे येतात. हे वर येणारे पाणी खताने भरलेले असले, तरी त्यात प्राणवायू कमी असतो. तो फारच घटला तर मासे ती जागा सोडून जातात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. फरक एवढाच की, आपल्याकडे हा खेळ चार महिन्यांचा. पेरूकडे तो जवळजवळ बारमाही.

जवळजवळ म्हणायचे कारण असे की, काही वर्षांच्या अंतराने तेथेही घडी विस्कटते. नाताळच्या सुमारास उत्तरेकडून गरम पाणी येते. पेरूच्या खलाशांनी त्याला एल निनो, म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. गरम पाण्याचा जाड थर वर पसरला की, वारा वाहूनही खालचे खतवाले पाणी वर पोहोचत नाही. डायटम घटतात, त्यांच्या जागी अगदी बारीक प्लवक उरतात. अँकोवेटा विखुरतो, दक्षिणेला किंवा खोल पाण्यात जातो, आणि बेटांवर पक्ष्यांची पिल्ले उपाशी मरतात. १९७० साली पेरूने एक कोटी टनांहून अधिक अँकोवेटा पकडला होता. त्यानंतर १९७२ मध्ये एल निनो आला. बेसुमार मासेमारीने थवे आधीच खचले होते. दोन्ही संकटे एकत्र आल्यावर मासेमारी कोसळली आणि हजारो लोकांचा रोजगार गेला. हंबोल्ट २४ डिसेंबर १८०२ रोजी, म्हणजे नेमका नाताळच्या आदल्या दिवशी कयावहून निघाला. पण त्याला थंड पाणीच भेटले.

१८२९ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, हंबोल्टला अखेर आशियाचा प्रवास घडला, पण तो रशियातून. सायबेरियातील अल्ताई पर्वतापर्यंत तो गेला. या प्रवासात त्याच्याबरोबर एरेनबर्ग नावाचा शास्त्रज्ञ होता. एरेनबर्ग पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तासन्‌तास पाहत बसे. डायटमचे शेकडो प्रकार त्याने ओळखले आणि त्यांची चित्रे काढली. ते प्राणी आहेत असे त्याला वाटत होते, ही गोष्ट वेगळी. हंबोल्टला मित्राच्या या कामाचे फार कौतुक होते.

पाहा, दैव कसे असते! थंड पाण्याचे आकडे हंबोल्टच्या वहीत होते. ग्वानोचा नमुना त्याने स्वतः आणला होता. समुद्रातले सूक्ष्म जीव दाखवणारा मित्र घोडागाडीत शेजारी बसला होता. निसर्गात एक वस्तू दुसरीशी बांधलेली असते, हे तर तो जन्मभर सांगत आला. तरीही थंड पाणी, डायटम, मासा, पक्षी आणि खत यांना ओवणारा धागा त्याच्या हाती आला नाही. प्लवक हा शब्द ज्यावरून आला तो प्लँक्टन हा शब्दच मुळी १८८७ साली, हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने तयार केला. तोवर हंबोल्टला जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.

शेवटची वर्षे त्याने बर्लिनमध्ये काढली. विश्वाविषयी माणसाला जे जे कळले आहे, ते सारे एका ग्रंथात मांडण्याचे काम त्याने हाती घेतले होते. त्या ग्रंथाचे नाव कॉसमॉस. पहिला खंड १८४५ साली निघाला, तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. पाचवा खंड अपुरा असतानाच ६ मे १८५९ रोजी तो वारला.

प्रवाहाच्या नावाची गोष्ट १८४० च्या सुमारास घडली. बेर्गहाउस नावाचा नकाशाकार हंबोल्टचा स्नेही होता. त्याने पेरूच्या थंड प्रवाहाला हंबोल्टचे नाव द्यायचे ठरवले. एखादा सुखावला असता. हंबोल्टने मात्र पत्र लिहून विरोध केला. त्याचे म्हणणे असे की, चिलीपासून उत्तर पेरूपर्यंतच्या किनाऱ्यावर मासे मारणाऱ्या प्रत्येक पोराला हा प्रवाह तीनशे वर्षांपासून ठाऊक आहे. आपण फक्त त्याचे तापमान प्रथम मोजले, त्यापलीकडे आपले श्रेय नाही. हे त्याने पुन्हापुन्हा सांगितले. नकाशाकारांनी ते मनावर घेतले नाही.